गायक मधोमध का टिकत नाही? भरकटणारी स्टिरिओ इमेज ताळ्यावर आणण्याची वाट

चांगल्या स्टिरिओत गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेतून येतो. तिथे भिंत असते, टीव्ही असतो, पण डोळे मिटले की माणूस नेमका तिथेच बसून गातोय असं वाटतं. पेटी त्याच्या एका हाताला, तबला दुसऱ्या हाताला. या भासाला ऑडिओवाले इमेज म्हणतात. ती दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर गायक कायमचा एका बाजूला झुकलेला असतो. नाहीतर तो हलतो: मुखडा मधून, अंतरा डावीकडून आणि रात्री आवाज कमी केला की थेट उजव्या स्पीकरात. या लेखात भर दुसऱ्या तऱ्हेवर आहे, कारण नवखा माणूस त्यातच जास्त पैसे घालवतो. आधी केबल बदलतो, मग डीएसी (डिजिटल गाणं विजेच्या लहरींत बदलणारा डबा), मग स्पीकर, आणि दोष निघतो खिडकीच्या काचेत नाहीतर अ‍ॅम्पमधल्या एका छोट्याशा रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी आणि काहीही उघडण्याआधी एवढंच शोधा, की इमेज कशाबरोबर हलते. तुमच्या डोक्याबरोबर? गाण्याबरोबर? व्हॉल्यूमबरोबर? सुराच्या उंचीबरोबर? की तिच्या मनाला येईल तेव्हा? प्रत्येक उत्तराचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. उत्तर मिळालं की निम्मी दुरुस्ती झाली.

थोडं गणित

दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज, तेवढ्याच जोरात, त्याच क्षणी कानांवर आला की मेंदू त्याचा उगम मधोमध ठरवतो. अ‍ॅलन ब्लुमलाइन या ईएमआयच्या इंग्रज इंजिनिअरने डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन स्पीकरांच्या स्टिरिओचा पाया आजही तोच आहे. एका बाजूचा आवाज साधारण १५ ते १८ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) चढला, किंवा सुमारे एक मिलिसेकंद आधी पोचला, की इमेज पुरती त्या स्पीकरात जाऊन बसते. त्याहून कमी फरकाला ती थोडी थोडी सरकते. एका डेसिबलचा फरकसुद्धा लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या कानाला लागतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. हा ३४चा आकडा लक्षात असू द्या, पुढे दोनदा लागेल.

आधी तपासायला खात्रीचा आवाज हवा

आवडत्या गाण्यावर तपासणी सुरू करू नका. त्या गाण्यातच गायक कुठे ठेवलाय हे तुम्हाला ठाऊक नसतं. दोन्ही बाजूंना हुबेहूब तोच आवाज जाईल अशी सोय करा. जुन्या अ‍ॅम्पवर मोनोचं बटण असतं, ते दाबा. नसेल तर फोनचा उपयोग करा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ असतं, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही अ‍ॅक्सेसिबिलिटीतच, आणि विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंग्जमध्ये. तिथेच आसपास डाव्या-उजव्या बॅलन्सची पट्टी असते. ती मध्यावर आहे का हेही याच वेळी पाहून घ्या. घरातल्या लहान मुलाच्या हातात फोन गेला की ही पट्टी कुठेही जाऊन बसते, आणि मग मोठी माणसं स्पीकर उलटेपालटे करत राहतात.

आता बोलणाऱ्या माणसाचा एकट्याचा आवाज लावा. बातम्या, मुलाखत, काहीही चालेल, मागे संगीत नको. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसा आणि डोळे मिटा. आवाज मधोमध, साधारण माणसाच्या तोंडाएवढ्या रुंदीचा वाटायला हवा. मग पिंक नॉइज लावा. हा सगळ्या पट्ट्यांचा, म्हणजे जाड ते बारीक सगळ्या सुरांचा, मिळून एकसारखा घोंघावणारा आवाज असतो आणि अ‍ॅपवर फुकट मिळतो. तोही मधोमध घट्ट बसायला हवा. बोलणारा मधे आहे पण पिंक नॉइज पसरट वाटतोय, किंवा त्याचा तीक्ष्ण भाग एकीकडे आणि जाड भाग दुसरीकडे, तर ते लिहून ठेवा. मोनोत सगळं नीट बसत असेल तर तुमची यंत्रणा बहुतेक ठणठणीत आहे आणि भटकंती रेकॉर्डिंगमध्ये आहे.

सेटिंग्जचा विषय निघालाच आहे तर तेही उरकून घ्या. फोन आणि संगणकावरचं ‘स्पेशियल’, ‘थ्रीडी’, ‘सराउंड’ असं नाव असलेलं सगळं बंद करा. एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमासाठीचा अनेक स्पीकरांचा अ‍ॅम्प) असेल तर ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’चं बटण दाबून ऐका. तेवढ्याने इमेज जागेवर आली तर रिसीव्हरने माइक लावून केलेलं आपोआप कॅलिब्रेशन, म्हणजे स्पीकरांची जुळणी, बहुधा चुकलंय. मेनूत प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी दिसते. एका स्पीकरचं अंतर ३० सेंटिमीटर चुकीचं धरलं गेलं असेल तर जवळजवळ ०.९ मिलिसेकंदाचा फरक पडतो, म्हणजे गायक जवळपास पूर्ण एका बाजूला. टेपने मोजून आकडे हाताने भरा.

डोकं हलवलं की हलते

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि बऱ्याचदा तो दोष नसतो. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण धरा. तुम्ही १५ सेंटिमीटर डावीकडे सरकलात की डावा स्पीकर सुमारे साडेसात सेंटिमीटर जवळ येतो आणि उजवा तेवढाच लांब जातो. फरक झाला १५ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास ०.४४ मिलिसेकंद. एवढ्याने गायक डावीकडे चांगलाच ओढला जातो. ३४ सेंटिमीटर सरकलात की पूर्ण मिलिसेकंद, खेळ खलास. सोफ्यावरची शेजारची जागा याहून लांब असते. म्हणजे तिघे जण सोफ्यावर बसले की मधल्याला गायक दिसतो आणि बाकीच्या दोघांना आपापला स्पीकर. दोन स्पीकरांच्या स्टिरिओची ही जन्मजात मर्यादा आहे, कितीही पैसे ओतले तरी ती पुरती जात नाही.

पण ती कमी करता येते, आणि मांडणीतली चूक तिच्यात भर घालत असेल तर ती काढता येते. टेप घ्या. दोन ट्वीटरांमधलं (स्पीकरमधल्या, बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या भागांमधलं) अंतर मोजा, मग प्रत्येक ट्वीटरपासून तुमच्या कानाच्या जागेपर्यंतचं. शेवटची दोन अंतरं एकमेकांशी सेंटिमीटरभराच्या आत जुळवा. नुसत्या नजरेने लावलेले स्पीकर बऱ्याचदा पाच-सात सेंटिमीटर चुकलेले असतात. आपल्याकडच्या दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये दोन मीटरचा त्रिकोण आरामात बसतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. स्पीकर बुटक्या टीव्ही युनिटवर असेल तर पुढच्या कडेखाली लाकडाचा तुकडा घालून तो वर कलता करा.

बुकशेल्फ स्पीकर आडवा ठेवू नका. शोकेसच्या कप्प्यात मावावा म्हणून तो आडवा केला की वूफर (जाड सूर वाजवणारा मोठा भाग) आणि ट्वीटर शेजारी शेजारी येतात. मग डोकं जरा बाजूला झालं तरी त्या दोघांपासूनची अंतरं बदलतात आणि जिथे दोघे मिळून वाजतात त्या पट्टीत, म्हणजे बहुधा गायकाच्या आवाजाच्या वरच्या भागात, खड्डे पडतात. एक उभा आणि एक आडवा ही तर शुद्ध शिक्षा आहे, आणि ती पुष्कळ घरांत दिसते.

सोफ्यावर एकाहून जास्त माणसं ऐकणार असतील तर स्पीकर आत वळवण्याची एक युक्ती आहे. दोन्ही स्पीकर इतके आत वळवा की त्यांच्या नाकासमोरच्या रेषा मधल्या माणसाच्या पुढे, गुडघ्यांपाशी, एकमेकींना छेदतील. आता डावीकडे बसलेला माणूस उजव्या स्पीकरच्या नेमका समोर येतो आणि डाव्याच्या तिरका. उजवा लांब असला तरी त्याचा तीक्ष्ण आवाज जास्त पोचतो, डाव्याचा कमी. अंतराने गेलेलं थोडंफार पातळीने भरून निघतं. मधल्याची इमेज किंचित कमी चमकदार होते, पण बाजूच्यांना निदान गायक सापडतो. घरात शांतता हवी असेल तर हा सौदा वाईट नाही.

गाणं बदललं की हलते

मोनो चाचणीत सगळं ठीक, एका गाण्यात गायक मधे आणि दुसऱ्यात भरकटलेला, तर यंत्रणेला हात लावू नका. जुन्या मोनो गाण्यांना नंतर कृत्रिम स्टिरिओ बनवण्याची मोठी लाट येऊन गेली. त्यात खालच्या पट्ट्या एकीकडे आणि वरच्या दुसरीकडे ढकललेल्या असतात, किंवा एका बाजूला किंचित उशीर दिलेला असतो. परिणाम असा की गायिका तार सप्तकात गेली की उजवीकडे सरकते आणि खाली आली की डावीकडे. अशी गाणी मोनो करून ऐका. आवाज आक्रसल्यासारखा वाटेल, पण गायिका जागेवर येईल. सुरुवातीच्या काळातल्या खऱ्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये तर सगळी गाणारी मंडळी एका बाजूला आणि सगळी वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी मांडणी बऱ्याचदा मुद्दामच केलेली आहे. आणि मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गायक माइकसमोर खरोखरच डोलत असतो. तिथे इमेज हलली तर ती यंत्रणेची तारीफ समजा.

आवाज कमी केला की हलते

आता अ‍ॅम्पकडे वळायचं, कारण इथे खोली निर्दोष आहे. खोली व्हॉल्यूम पाहून वागत नाही.

व्हॉल्यूमच्या नॉबमागे बहुतेक अ‍ॅम्पमध्ये एकाच दांड्यावर बसवलेले दोन पॉट (फिरवून आवाज कमी-जास्त करणारे भाग) असतात, एक डाव्याचा आणि एक उजव्याचा. स्वस्त कार्बनच्या पॉटमध्ये हे दोन ट्रॅक नॉबच्या सुरुवातीच्या टप्प्यात एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे दोन-तीन डेसिबलचा फरक सहज पडतो आणि नॉब वर नेला की तो विरतो. गोम अशी, की सीडी प्लेअर किंवा डीएसी पूर्ण ताकदीने २ व्होल्ट देतो, तर कित्येक जुन्या अ‍ॅम्पच्या ऑक्स इनपुटला (बाहेरचं यंत्र जोडायच्या जागेला) पूर्ण आवाजासाठी १५० मिलिव्होल्टच पुरतात. त्यामुळे घरात ऐकण्याजोगा आवाज नॉब घड्याळाच्या आठ-नऊच्या काट्याशी असतानाच मिळतो, म्हणजे पॉटच्या नेमक्या वाईट टप्प्यात. उपाय फुकटात होतो: फोन, संगणक किंवा डीएसीचा आवाज ८ ते १५ डेसिबलने उतरवा आणि अ‍ॅम्पचा नॉब अकरा-बारापर्यंत न्या. सोर्सला, म्हणजे गाणं पुरवणाऱ्या यंत्राला, आवाज उतरवायची सोय नसेल तर मधे बसवायचे, पातळी कमी करणारे अ‍ॅटेन्युएटर मिळतात.

नॉब फिरवताना खरखर येत असेल आणि खरखरीबरोबर गायक इकडून तिकडे उडी मारत असेल तर पॉटमध्ये धूळ किंवा गंजाचा थर आहे. अ‍ॅम्प बंद करून नॉब पूर्ण टोकापासून टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. बॅलन्स, सोर्स सिलेक्टर, टेप मॉनिटर, लाउडनेस, सगळ्यांनाच हे करा. टेप मॉनिटरचं बटण लोक विसरतात. ते वर्षानुवर्षं एकाच जागी राहतं आणि आत काळं पडतं. फरक पडला पण टिकला नाही, तर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा लागेल, आणि त्यासाठी अ‍ॅम्प उघडावा लागेल. बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे त्यात कदापि मारू नका, तो धुळीला धरून ठेवतो.

दुसरी शक्यता जास्त चकवणारी आहे. अ‍ॅम्प सुरू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक’ असा आवाज येतो ना, तो स्पीकर जोडणारा रिले. त्याच्या संपर्कबिंदूंवर काळपट थर बसला की हळू आवाजाचा क्षीण प्रवाह तो थर ओलांडू शकत नाही. एक बाजू दबते, फाटकी वाजते किंवा गायबच होते. मग तुम्ही आवाज मोठा करता, प्रवाह वाढतो, थर भेदला जातो, आणि त्यानंतर कमी आवाजातही ती बाजू बराच वेळ नीट वाजते. ‘मोठ्याने वाजवलं की बरा होतो’ असा अ‍ॅम्प दिसला की पहिला संशय रिलेवर घ्या. कोकणात आणि मुंबईसारख्या समुद्राकाठच्या हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, हे दुखणं हमखास डोकं वर काढतं. रिले घासून साफ करणं हा चार दिवसांचा इलाज आहे, तो बदलूनच घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत जुना रिले दाखवला की त्याच कॉइल व्होल्टेजचा दुसरा शोधून मिळू शकतो.

सुराबरोबर, अक्षराबरोबर हलते

हे ओळखायला एक बारीक खूण आहे. बोलणाऱ्याच्या आवाजात ‘स’, ‘श’, ‘च’ कुठून येतात ते ऐका. शब्दाचं अंग मधून आणि ‘स’ची शीळ डावीकडून येत असेल तर दोन ट्वीटर सारखे वाजत नाहीयेत. एक मेला असेल, एक दबला असेल, किंवा जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधला (ट्वीटर आणि वूफर यांना आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर एका बाजूचा जास्त थकला असेल. स्पीकरच्या मागे लाल-काळ्या टर्मिनलच्या दोन जोड्या असतील तर त्यांना जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या आधी घट्ट करा. पट्टी सैल असली की नेमका ट्वीटर येतो-जातो.

पिंक नॉइज मधोमध न बसता सगळीकडे पसरतोय, डोक्याभोवती असल्यासारखा वाटतोय आणि बेसही गेलाय, तर एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे. लाल-काळं तपासा, आणि वायरच्या रंगावर विसंबू नका; पारदर्शक वायरमध्ये एका शिरेवरची बारीक रेघ धरून शेवटपर्यंत जा. खात्री हवी असेल तर अ‍ॅम्पच्या बाजूने वायर पूर्ण सोडा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर तिच्या टोकांना टेकवा. दोन्ही स्पीकरांना सेल सारख्याच बाजूने लावला तर दोन्ही वूफरचे पडदे (कोन) एकाच दिशेने हलायला हवेत. स्पीकर कधी दुरुस्तीला जाऊन आला असेल तर आतल्या एकाच ड्रायव्हरची (ट्वीटरची किंवा वूफरची) वायर उलटी जोडली गेल्याची शक्यता असते. तेव्हा बेस ठीक असतो पण एका ठरावीक पट्टीतच इमेज विरघळते. ते उघडूनच कळतं.

यातलं काहीच नसेल तर खोली. आपल्या हॉलची रचना बघा: एका बाजूला सरकत्या काचांची खिडकी, दुसऱ्या बाजूला जेवणाच्या जागेकडे उघडा रस्ता, खाली गुळगुळीत टाइल्स, मधे काचेचं टीपॉय. डाव्या स्पीकरचा आवाज काचेवर आपटून काही मिलिसेकंदांनी पुन्हा कानावर येतो, उजव्याचा येतच नाही. आपटून येणारा भाग पट्टीनुसार कमी-जास्त असतो, म्हणून एक सूर मधे आणि पुढचा सूर डावीकडे. एक स्पीकर कोपऱ्यात ठोसलेला आणि दुसरा मोकळा असला की खालचे सूर त्या कोपऱ्याकडे जाड होतात.

कुठून आपटतंय हे आरशाने सापडतं. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर, कानाच्या उंचीला धरून, हातातला आरसा हळूहळू सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकरचा ट्वीटर दिसेल ती जागा. तिथे जाड गोधडी टांगून तोच आवाज पुन्हा ऐका. इमेज आवळली तर रोग सापडला. मग गोधडीऐवजी जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट लावा. आडवीतिडवी पुस्तकं ठासलेलं कपाट फार गुणी असतं. पातळ पडद्यावर पैसे घालवू नका, तो फक्त अगदी वरच्या पट्ट्या खातो. टीपॉय बाजूला करा, स्पीकर आणि सोफा यांच्या मधे सतरंजी पसरा. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर शक्य तेवढा पुढे ओढा. आणि एका बाजूचं उघडं दार काही केल्या बंद होणार नसेल तर सगळी मांडणी शेजारच्या भिंतीकडे फिरवून बघा, फर्निचर हलवायला पैसे पडत नाहीत.

आता पंखा. परदेशी लेखांत हा मुद्दा सहसा सापडणार नाही. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५ वेळा एखादं पातं त्याच जागेवरून जातं आणि तेवढ्या वेळा छताकडून येणारा आवाज कापला जातो. तबल्यात हे कळत नाही. तानपुरा, बासरी, सनई, असा लांबलेला सूर लावा, पंखा चालू-बंद करून ऐका. चालू असताना सूर थरथरतो आणि त्याची जागा धूसर होते. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवा असं मी म्हणणार नाही. पण तपासणी मात्र पंखा बंद करूनच करा.

मनाला येईल तेव्हा हलते

इथे अदलाबदल हेच हत्यार. नियम दोन: प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करूनच वायरींना हात लावायचा, आणि एका वेळी एकच बदल करून तो कागदावर लिहायचा. समजा दोष असा, की डावी बाजू अधूनमधून दबते.

अ‍ॅम्पच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी एकमेकींच्या जागी लावा. दबणं आता उजवीकडे गेलं तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. डावीकडेच राहिलं तर डावी वायर, डावा स्पीकर, खोली किंवा कान.

दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी निघाला असेल तर स्पीकरच्या वायरी पूर्ववत करा आणि अ‍ॅम्पच्या इनपुटला आरसीए पिनांची (सोर्सकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या केबलींच्या टोकांची) अदलाबदल करा. दोष फिरला तर तो सोर्समध्ये किंवा केबलमध्ये. नाही फिरला तर अ‍ॅम्पमध्येच. सोर्स की केबल हे ठरवायला अ‍ॅम्पकडची बाजू पूर्ववत करून सोर्सकडच्या पिना बदला. फिरला तर सोर्स, जागेवर राहिला तर केबल. केबल हलवताना दोष येत-जात असेल तर एवढंही करायला नको. आरसीए पिना उपसून, पिळत पिळत परत घालणं यानेच निम्म्या केबली बऱ्या होतात. स्पीकरच्या वायरीचं टोक काळं-हिरवं पडलं असेल तर दोन सेंटिमीटर कापून नवं तांबं सोला.

दोष अ‍ॅम्पच्या पुढे, डावीकडेच राहिला असेल तर दोन्ही स्पीकरांच्या पेट्याच उचलून एकमेकींच्या जागी ठेवा. दोष पेटीबरोबर गेला तर पेटी. वूफरच्या कडेचा फोम दमट हवेत भुगा होतो, बोटाने हळूच दाबून पाहा. दोष जागेलाच चिकटून राहिला तर वायर, खोली किंवा कान. वायरीचा निकाल त्याच दोन वायरी एकमेकींच्या जागी टाकून लागतो. उरलेल्या दोघांसाठी खुर्ची उलटी फिरवा आणि स्पीकरांकडे पाठ करून बसा. ओढ अजून त्याच भिंतीकडे असेल तर खोली. ओढ त्याच कानाकडे राहिली तर कान. सर्दी किंवा मळ असेल तर आठवड्याने पुन्हा ऐका. मात्र एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत, कमी ऐकू यायला लागलं असेल तर स्पीकर राहू द्या आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्यात उशीर करून चालत नाही.

ब्लूटूथने जोडलेल्या दोन सुट्या स्पीकरांची जोडी असेल तर ही अदलाबदल फारशी कामाची नाही. दोघांनी एकाच क्षणी वाजावं याची जबाबदारी रेडिओवर असते आणि मिलिसेकंदाची चूकही, वर पाहिलं तसं, पुरेशी असते. जोडी तोडून पुन्हा बांधा, फोन जवळ आणा. नाहीच जमलं तर अशा जोडीकडून नेमक्या इमेजची अपेक्षा सोडा.

टर्नटेबलवर फक्त रेकॉर्ड वाजवतानाच इमेज हलत असेल तर हेडशेलमधल्या (सुईचा भाग धरणाऱ्या टोकातल्या) चार नाजूक तारा बघा: पांढरी डाव्याची, निळी डाव्याच्या अर्थिंगची, लाल उजव्याची, हिरवी उजव्याच्या अर्थिंगची. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या आसपास देतं, त्यामुळे पिनेवरचा जरासा काळेपणाही एक बाजू दाबतो. आवाज पूर्ण खाली आणून चिमट्याने त्या एकेक करून किंचित पुढे-मागे करा. मग सुईवरचा धुळीचा गोळा, आणि समोरून पाहिल्यावर कार्ट्रिज रेकॉर्डवर सरळ उभं आहे का, हे पाहा. एका बाजूला कललेलं कार्ट्रिज डाव्या-उजव्याची सरमिसळ करतं.

दुरुस्तीवाल्याकडे नेताना

अ‍ॅम्प थंड असताना ठीक आणि तासाभराने एक बाजू जाते, किंवा त्याच्या पेटीवर थाप मारली की परत येते, तर बहुधा आत कुठेतरी सुटलेला सोल्डर जॉइंट (झाळलेला जोड) आहे. हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही अ‍ॅम्पमधल्या मोठ्या कपॅसिटरांत विजेचा साठा राहतो.

फक्त एक मोजमाप घरी करून जा. ५० हर्ट्झचा टोन मोनोत, हळू आवाजात लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही बाजूंच्या स्पीकर टर्मिनलवर आळीपाळीने आकडा घ्या. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. एकीकडे १ व्होल्ट आणि दुसरीकडे ०.८९ म्हणजे एक डेसिबलचा फरक. नॉबच्या तीन जागांवर, थंड अ‍ॅम्पवर आणि तासाभराने, असे आकडे घ्या. मग चिठ्ठीवर लिहा: ‘डावी बाजू दबते. स्पीकर व सोर्स बदलून पाहिले, दोष अ‍ॅम्पसोबतच राहतो. सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं, नॉब नऊच्या खाली असताना. आवाज मोठा केला की जातो.’ ही चिठ्ठी अ‍ॅम्पच्या झाकणाला चिकटवा. ‘साउंड बरोबर येत नाही’ एवढंच सांगून अ‍ॅम्प ठेवून आलात तर तो तिथे मोठ्या आवाजात वाजवला जाईल, नीट वाजेल, आणि ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून परत येईल.